सहा माणसांच्या भरल्या भाज्यांच्या जेवणाची तयारी

बेळगाव-खानापूर भागात उन्हाळ्यात भरली भाजी करायची म्हणजे वांगी, दोडका आणि ढोबळी मिरची एकत्र. मसाला एकच, पण प्रत्येक भाजीला तो वेगळ्या ओलाव्याचा लागतो. बहुतेक बिघाड इथंच होतो.

आदल्या संध्याकाळी बाजार उरका. बारा लहान वांगी (साधारण पाऊण किलो), दोन कोवळे दोडके, सहा लहान ढोबळ्या मिरच्या. वांग्याची साल तुकतुकीत आणि देठ हिरवा हवा. साल निस्तेज असली की आत बिया जून निघतात. दोडक्याच्या शिरेत नख सहज रुतलं पाहिजे.

कोरडा कूट रात्रीच करून ठेवा: शेंगदाणे दीड वाटी, सुकं खोबरं अर्धी वाटी, तीळ तीन चमचे, गुरेळ म्हणजेच कारळे दोन चमचे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा. गुरेळ मंद आचेवर. तडतडून वास सुटला की लगेच उतरवा, करपलं तर सगळा मसाला कडवट होतो. पूर्ण गार झाल्यावरच दळा आणि रव्याइतकं जाडसर ठेवा. गरम दाणे मिक्सरमध्ये तेल सोडतात, कुटाचा गोळा होतो आणि मसाला तळाला लागतो. कांदा-लसूण मात्र रात्री मिसळू नका, या दिवसांत मसाला आंबतो.

सकाळी दोन कांदे बारीक चिरा, बारा लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं वाटून घ्या, मूठभर कोथिंबीर चिरा. त्यात कूट, तीन चमचे घरची तिखट चटणी (म्हणजे लाल तिखट), हळद, लिंबाएवढा गूळ आणि दोन चमचे चिंचेचा कोळ. चटणी संकेश्वरी मिरचीची असेल तर दोनच चमचे पुरे. ब्याडगीची रंगाला चांगली, तिखटाला सौम्य. मीठ भाजी भरायच्या वेळीच घाला, आधी घातलं की कांदा पाणी सोडतो.

आता मसाल्याचे तीन भाग करा. वांग्याच्या भागात दोन चमचे तेल आणि थोडं पाणी घालून तो लाडू वळेल इतका ओला करा. दोडक्याचा जास्त कोरडाच ठेवा, कारण त्याला स्वतःचंच भरपूर पाणी सुटतं. मिरचीचा मधला.

वांग्याला टोकाकडून चार चिरा द्या, देठ तसाच ठेवा, मिठाच्या पाण्यात टाका म्हणजे काळी पडत नाहीत. भरण्याआधी निथळून पुसा. दोडक्याच्या शिरा तासून दोन इंची तुकडे करा आणि प्रत्येक दोडक्याची चकती चाखा. कडू निघाला तर टाकून द्या, शिजवून कडूपणा जात नाही.

पसरट कढईत पाच चमचे तेल तापवून वांगी आधी लावा. पाच मिनिटं परतून एक वाटी गरम पाणी घाला, झाकणावरही पाणी ठेवा आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. देठाजवळ सुरी टोचून बघा, कच्चेपणा तिथंच राहतो. दुसऱ्या शेगडीवर दोडके वाफेवरच बारा-पंधरा मिनिटं, मग मिरच्या दहा मिनिटं.

वांगी शिजत ठेवली की भाकरीचं पाणी उकळा. किलोभर ज्वारीच्या पिठात बारा-चौदा भाकऱ्या होतात. विरी (चिकटपणा) गेलेलं पीठ थापताना चिरतं, अशा वेळी उकळीच्या पाण्यानं उकड काढून मळा. ताक, चिरलेला कांदा, काकडी शेवटी. उरलेला कच्चा मसाला साठवू नका. भाजीच्या कढईत वाटीभर पाणी घालून त्याच दिवशी उकळा, भातावर घ्यायला रस्सा होतो.