ओपनकास्टची काळी माती: पोकलेन लावायच्या आधी हिशोब कसा मांडायचा

वणी, घुग्घुस, राजुरा हा वर्धा खोऱ्यातला पट्टा, खाली कोळसा आणि वर बहुतेक ठिकाणी कापसाची काळी जमीन, त्यामुळे ओपनकास्ट (वरून उघडी खणलेली खाण) सुरू झाली की पहिला घाव या मातीवरच पडतो. क्लोजर प्लॅनमध्ये (खाण बंद करताना जमीन कशी सावरायची त्याचा आराखडा) "वरची माती वेगळी साठवू" असं एक वाक्य असतंच (कोळसा मंत्रालयाची गाईडलाईन २००९ पासून आहे), पण किती माती, ठेवणार कुठे, काढणार कधी हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

सुरुवात खोली मोजण्यापासून. एकाच शेतात नाल्याकडे माती मीटरभर आणि टेकाडावर वीतभर असते, म्हणून सरासरी अंदाजावर जाऊ नका. आधी जुन्या विहिरीची कड आणि नाल्याची दरड बघा, तिथे थर फुकटात दिसतात, मग हेक्टरी निदान एक ऑगरचा (माती काढायचा गिरमिट) नमुना घ्या. वरचा २० ते ३० सेंटीमीटर थर खरा जिवंत, सेंद्रिय कर्ब, बी, बुरशी सगळं त्यातच. खाली चुनखडीचे पांढरे खडे दिसायला लागले की थांबा, तो थर वेगळा काढायचा आणि ढीगही वेगळा, कारण तिथे पीएच आणि बऱ्याचदा सोडियम जास्त असतो आणि तो वर आला तर पुढे पीक रडवतं. लॅबला देताना पीएच, ईसी (विद्युतवाहकता, यावरून क्षार कळतात), सेंद्रिय कर्ब आणि सोडियम हे तरी तपासून घ्याच.

आता हिशोब. समजा १०० हेक्टर, सरासरी ४० सेंटीमीटर माती, म्हणजे ४ लाख घनमीटर. उचलताना, वाहताना १० टक्के वाया धरा, राहिली ३ लाख ६० हजार. शेवटी ७० हेक्टरवर शेती करायची म्हणून ४५ सेंटीमीटर थर, तर लागले ३ लाख १५ हजार, उरलेल्या ३० हेक्टरवर झाडं लावायची म्हणून २० सेंटीमीटर, ६० हजार. एकूण ३ लाख ७५ हजार, म्हणजे १५ हजार कमी पडतात! हे आत्ताच कागदावर कळलं तर शेतीचा थर अडीच सेंटीमीटर कमी करता येतो, दहा वर्षांनी कळलं तर माती आणायची कुठून?

जागेचा हिशोब तर लोक विसरतातच. खणलेली माती फुगते, २० टक्के धरली तर ४ लाख ३२ हजार घनमीटर, आणि ढीग ३ मीटरपेक्षा उंच नको (आत हवा जात नाही, जीव मरतो), म्हणजे किमान १४.४ हेक्टर जागा, उतार धरला तर अजून जास्त. एवढी जागा सगळ्यांकडे नसते, म्हणून माझं मत विचाराल तर शक्य तितकी माती साठवूच नका, एका बाजूची काढली की तयार झालेल्या बॅकफिलवर (कोळसा काढून परत भरलेला खड्डा) थेट न्या. साठवलीच तर त्यावर लगेच धैंचा किंवा स्टायलो (चाऱ्याचं द्विदल पीक) टाका, पाटी लावा, नाहीतर कोणीतरी रस्ता भरायला उचलून नेतो.

वेळ मात्र चुकवू नका. काळी माती ओली असताना हलवली की मळून घट्ट होते आणि सुकल्यावर तिचे दगडासारखे ढेकळं होतात. म्हणून फेब्रुवारी ते मे. शंका असेल तर मूठभर माती दाबून गोळा करा आणि छातीच्या उंचीवरून सोडा, फुटला तर वाफसा आहे, चिकटून राहिला तर मशीन बंद ठेवा, कंत्राटदार कितीही ओरडला तरी.

पसरवायच्या आधी बॅकफिलवर रिपर (घट्ट जमीन खोल फोडणारा दात) मारून घ्या, मग माती मागे मागे सरत एकाच फेरीत पसरवा, त्यावर डंपर फिरवू नका. ओबी डंपच्या (कोळशावरून काढलेल्या दगड-मातीचा ढीग) उतारावर काळी माती टाकू नका, ती तडकते आणि पावसात घसरते, तिथे मुरमाड माती आणि गवत बरं. आणि थोडी माती बाजूला राखून ठेवा, कारण बॅकफिल बसतं, पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत जागोजागी पाणी साचायला लागतं आणि ते खळगे भरायला मुरूम चालत नाही.