व्हिम्सीकॉटला हाणामारीत उतरवू नका

चतुर्थीच्या सुट्टीत फोंड्याला चुलत भावंडं स्विच (निन्टेन्डोचा गेम कन्सोल) घेऊन बसली, की पोकेमॉनच्या डबल्समध्ये, म्हणजे दोन-दोन पोकेमॉनच्या लढतीत, हे हमखास दिसतं. व्हिम्सीकॉट या पोकेमॉनचा मूळ स्पीड चांगला ११६, म्हणून त्याला थेट हल्ल्याला जुंपतात. अरे, त्याचं काम जोडीदाराची वाट मोकळी करायचं!

प्रँकस्टर या त्याच्या ॲबिलिटीमुळे (अंगच्या गुणामुळे) त्याच्या स्टेटस मूव्ह, म्हणजे थेट मार न देणाऱ्या चाली, आधी लागतात. पहिल्याच टर्नला (फेरीला) टेलविंड ही चाल लावा. तुमच्या बाजूचा स्पीड दुप्पट होतो आणि नव्या गेममध्ये त्याच टर्नपासून. म्हणजे शेजारचा संथ पण दणकट गडी लगेच पहिला वार करतो. मात्र चार टर्न मोजताना ही टर्नही धरा. टेलविंड चालू असताना उगाच प्रोटेक्ट (त्या टर्नपुरता मार अडवणारी चाल) करत बसलात तर तो फुकट गेला.

मला सगळ्यात आवडतो तो एन्कोर, म्हणजे समोरच्याला आधीचीच चाल पुन्हा करायला लावणारा. समोरच्याने प्रोटेक्ट केलं रे केलं, की पुढच्या टर्नला एन्कोर टाका. बिचारा तीन टर्न प्रोटेक्टमध्येच अडकतो आणि ते लागोपाठ सहसा लागतही नाही. डार्क टाइपच्या पोकेमॉनवर मात्र प्रँकस्टरचा एन्कोर चालत नाही. टेलविंड चालतो, कारण तो आपल्याच बाजूला लागतो.

समोर इन्सिनेरोर हा पोकेमॉन दिसला तर सावध. त्याचा फेक आउट (समोरच्याला दचकवणारा झटपट वार) प्रँकस्टरच्याही आधी लागतो आणि व्हिम्सीकॉटची टर्न वाया जाते. व्हिम्सीकॉटला कोव्हर्ट क्लोक ही वस्तू दिलीत तर दचकणं टळतं. फोकस सॅश ही दुसरी वस्तू एका फटक्यात मरण्यापासून वाचवते, फेक आउटपासून नाही.