पेपर पाठवण्याआधी या चुका टाळा (आणि मे महिन्यात क्रिस्टल उघडे ठेवू नका)

दर उन्हाळ्यात माझ्याकडे केमिस्ट्रीच्या रिसर्च पेपरचे चार-पाच ड्राफ्ट येतात, धुळ्याहून, चोपड्याहून, अमळनेरहून, कोणी ओळखीतलं तर कोणी ओळखीच्या ओळखीतलं. फाईल उघडायच्या आधीच माहीत असतं आत काय असणार ते. एक शिफ बेस (धातूला पकडून ठेवणारा सेंद्रिय रेणू, म्हणजे लिगंड), त्याचे कॉपर-निकेल-झिंकचे कॉम्प्लेक्स (धातू आणि तो रेणू मिळून झालेली संयुगं) आणि त्याच त्या चुका. त्यावर "सर, आजच सबमिट करायचंय" हे आहेच.

सगळ्यात जास्त डोकं खाते ती सीएचएनची, म्हणजे मालात कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन किती टक्के ते मोजण्याची, भानगड. मोजलेला आकडा आणि हिशोबाचा आकडा यात 0.4 टक्क्यापेक्षा जास्त फरक नको, हा जुना दंडक, बऱ्याच जर्नलांना अजूनही हेच लागतं. एका पोराने मिथेनॉलमधून फार देखणे गडद हिरवे क्रिस्टल वाढवले होते. एक्स-रे झाला, रचनेत प्रत्येक कॉम्प्लेक्समागे एक मिथेनॉल निघालं, पोरगं खुश. उरलेला माल वॉचग्लासवर तसाच उघडा. महिना मे, जळगावचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, त्यात दुपारी लाईट गेलेली. चार दिवसांनी बघतो तर क्रिस्टलची चमक गेलेली, कडा पांढुरक्या, बोट लावलं की भुगा, मिथेनॉल उडून गेलेलं. तोच भुगा याने सीएचएनला पाठवला.

आता हिशोब बघा, समजायला सोपं म्हणून साधं कॉपर सॅलन (असंच एक नेहमीचं शिफ बेस कॉम्प्लेक्स) घेऊ. नुसतं कॉम्प्लेक्स असेल तर कार्बन 58.26 टक्के, एक मिथेनॉल धरलं तर 56.42. म्हणजे जवळपास 2 टक्क्यांची खोट. आमच्या पोराचंही असंच झालं, मग त्याने काय करावं? सीएचएनच्या ओळीतून मिथेनॉल गुपचूप काढून टाकलं. आकडे जुळले, पेपर गेला. रिव्ह्यूअरने दोनच ओळी लिहिल्या, क्रिस्टलमध्ये मिथेनॉल आहे, ॲनालिसिसमध्ये नाही, मग मॅग्नेटिक मोमेंट (चुंबकीयपणाचं माप) काढताना मॉलिक्युलर वेट कोणतं घेतलं? मी पोराला विचारलं तर तो भिंतीकडे बघायला लागला. सॅलनच्याच हिशोबाने 1.80 चा मोमेंट चुकीच्या, म्हणजे मिथेनॉलसकट धरलेल्या, वजनाने साधारण 1.89 दिसतो, आणि याने त्या वाढीव आकड्यावर आख्खा परिच्छेद लिहून ठेवलेला. रिजेक्ट.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे म्हणू नका. क्रिस्टल आले की थोडे त्याच द्रावणात बुडवून एका वायलमध्ये, झाकण घट्ट, ते फक्त एक्स-रेला. बाकीचे व्हॅक्यूममध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचे, वायलवर तारीख टाकायची आणि सीएचएन, मॅग्नेटिक, यूव्ही सगळं त्याच वायलमधून. ताज्या क्रिस्टलचा टीजीए (तापवत नेऊन वजन किती घटतं ते बघणं) वेगळा. वरच्या उदाहरणात मिथेनॉल जाताना वजन 8.85 टक्के घटायला हवं, तेवढं घटलं की पेपरात सरळ लिहायचं, हवेत मिथेनॉल निघून जातं, ॲनालिसिस वाळवलेल्या मालाचं आहे. यात लपवण्यासारखं काय आहे?

दुसरा शॉर्टकट याचाच भाऊ. "सर, फॉर्म्युल्यात पाण्याचा अर्धा रेणू टाकला की सीएचएन बसतं." अरे, ते काय वरण-बट्टीच्या पंगतीतलं वरण आहे का, माणसं वाढली की ओत पाणी? पाणी असेल तर टीजीएमध्ये दाखव. आयआरमधला (इन्फ्रारेड स्पेक्ट्रममधला) 3400 जवळचा रुंद बँड पाण्याचा म्हणून मला दाखवू नकोस, ज्यात सॅम्पल मिसळतात ते केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) स्वतःच हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात तर विचारूच नका.

सीआयएफ (एक्स-रेने मिळालेल्या रचनेची फाईल) हातात आली त्याच दिवशी चेकसीआयएफमधून (ती फाईल तपासणाऱ्या प्रोग्राममधून) काढा. लोक सबमिशनच्या रात्री 11 वाजता काढतात, ए लेव्हलचा, म्हणजे सगळ्यात गंभीर, अलर्ट दिसतो, डेटा घेणारा माणूस दुसऱ्या शहरात, मेलला उत्तर आठ दिवसांनी. प्रत्येक ए अलर्ट म्हणजे चूकच असं नाही, पण का आला ते सीआयएफमध्येच लिहून टाकायचं, गप्प बसलात तर रिव्ह्यूअर नेमका तिथेच बोट ठेवतो. सीसीडीसीचा (क्रिस्टलच्या रचना जमा होतात त्या केंब्रिजच्या डेटाबेसचा) नंबरही आधीच घेऊन ठेवा.

परक्लोरेट मीठ वापरलं असेल तर स्फोटाच्या धोक्याची सूचना पेपरच्या एक्सपेरिमेंटल भागात हवीच. आणि भाऊ, ते मीठ ओव्हनमध्ये तापवू नको, धातूच्या स्पॅच्युलाने खरवडू नको, पेपर नंतर, आधी बोटं.

सिनियरच्या थिसिसमधून आयआरचा तक्ता उचलू नका, लिगंड बदलला तरी आकडे तेच असतात आणि ते दिसतं.

एकाच वेळी दोन जर्नलला पाठवणं, यावर मी बोलणारच नाही.

कव्हर लेटरमध्ये आधीच्या, रिजेक्ट केलेल्या जर्नलचं नाव तसंच राहणं. ही चूक मी स्वतः केलेली आहे. दोनदा.