क्रेनचं काम आणि वारा: या चुका टाळा

"खाली पानही हलत नाहीये, उचला." पुण्यात बाणेर-बालेवाडीच्या उंच इमारतींच्या साइटवर हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलंय. खाली पत्र्याचं कुंपण आणि शेजारची इमारत वारा अडवतात. वर, बूमच्या म्हणजे क्रेनच्या लांब हाताच्या टोकाशी, तो मोकळा असतो. वारा तिथेच मोजा आणि सरासरीवर न जाता झोत किती येतोय ते बघा. मोबाइलवरचा अंदाज साधारण 10 मीटर उंचीचा असतो, तुमच्या जिबच्या, म्हणजे टॉवर क्रेनच्या वरच्या हाताच्या, उंचीचा नव्हे.

एककाची गफलतही नेहमीची. 10 मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी 36 किलोमीटर. वारा मोजायच्या यंत्रावर 12 दिसलं, ते मीटर प्रति सेकंदात होतं आणि ऑपरेटरनं किलोमीटर समजून माल उचलला, तर संपलंच.

सगळ्यात घातक चूक मात्र वेगळी: लोड चार्टवरची (क्रेन किती वजन उचलू शकते त्याच्या तक्त्यावरची) वाऱ्याची मर्यादा प्रत्येक मालाला सरसकट लावणं. ती आटोपशीर, जड मालासाठी गृहीत धरलेली असते. शटरिंगचा (काँक्रीट ओतायच्या साच्याचा) 12 चौरस मीटरचा पॅनेल म्हणजे शीडच. सेकंदाला 10 मीटर वेगाला त्यावर सुमारे 90 किलोचा रेटा येतो. वेग 14 झाला की तो जवळपास दुप्पट होतो, कारण दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. टॅगलाइन, म्हणजे माल सावरायची दोरी, धरलेली दोन माणसं मग ओढली जातात. बूमला आडवा रेटा बसतो तो वेगळाच, आणि केबिनमधला लोड इंडिकेटर तो बहुधा दाखवत नाही. पॅनेल, काच, पत्रे यांची मर्यादा आधीच कमी ठरवून कागदावर लिहा. माल हुकला लटकल्यावर वाद नको.

एप्रिल-मेमध्ये "पाऊस आला की थांबू" म्हणू नका. वळवाचा वारा पावसाच्या आधी येतो, धुळीसकट, आणि बऱ्याचदा दिशा बदलून. दुपारनंतर ढग काळे होऊ लागले, गडगडाट ऐकू आला, की हुकवरचा माल खाली घ्या, नवा उचलू नका. बूम उतरवायलाही वेळ लागतो.

रात्री टॉवर क्रेनचा फिरण्याचा ब्रेक लावून ठेवणं हीसुद्धा चूकच, सावधपणासारखी दिसणारी. काम संपलं की हुक रिकामा करून वर घ्या, ब्रेक सोडा, जिब वाऱ्याबरोबर फिरू द्या. आणि ती पूर्ण फिरताना कशालाही अडकणार नाही, हे आधीच तपासा.