उसाच्या मुरघासात वाळलेला लसूणघास मिसळताना या चुका टाळा

मक्याची पद्धत जशीच्या तशी उसाला लावली की मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा, फसतो. उसातल्या भरपूर साखरेवर यीस्ट वाढतं आणि साखरेचं अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड होतं. आंबटपणाला यीस्ट फारसं दबत नाही. बॅग उघडताच दारूसारखा वास आला, तर चाऱ्याचा बराचसा कस गेला असं समजा.

वाळलेला लसूणघास (ल्युसर्न, प्रथिनांचं चारापीक) इथे दोन कामं करतो, ओल शोषतो आणि प्रथिनं वाढवतो. पण तो मूठभर टाकून भागत नाही. उसात कोरडा भाग साधारण २८ टक्के आणि त्यात प्रथिनं जेमतेम ३ टक्के. १,००० किलो ऊस कुट्टीत १५० किलो चांगला लसूणघास मिसळला, तर कोरडा भाग ३५-३६ टक्क्यांवर आणि त्यातली प्रथिनं साडेसात टक्क्यांच्या पुढे जातात. ७ टक्क्यांखाली कोटीपोटातले (गाईच्या पहिल्या, मोठ्या पोटातले) जिवाणू उपाशी राहतात, जनावराला चारा नीट पचत नाही. उलट २५० किलोच्या पुढे गेलात तर ढीग दबत नाही, आत हवा राहते आणि बुरशी येते.

सर्वांत मोठं नुकसान मात्र घास वाळवतानाच होतं. बहुतेक प्रथिनं पानात असतात, आणि भर दुपारी घास उलटला की पानं झडून हाती नुसत्या काड्या उरतात. सकाळी दव असताना उलटा. साठवताना ओल १५ टक्क्यांच्या आत हवी. काळपट, कुबट वासाचा घास मिसळूच नका. सुबाभळीचा वाळलेला पाला चालतो, पण त्यात मायमोसीन हे विषारी द्रव्य असतं, म्हणून जनावराच्या रोजच्या एकूण चाऱ्यात तो बेताचाच ठेवा.

उसाची कुट्टी १ ते २ सेंटिमीटरची करा. ऊस तोडल्या दिवशीच कुट्टी करून भरा. रात्रभर पडलेली कुट्टी गरम होते. घासाचे वेगळे थर देऊ नका, ताडपत्रीवर कालवून मगच भरा. दर १५ सेंटिमीटरला तुडवा, कोपरे विसरू नका.

४५ दिवसांनी उघडा. रोज समोरून किमान १५ सेंटिमीटर काढा, नाहीतर उरलेल्या साखरेमुळे तोंडाकडचा भाग तापतो. गाईला पहिल्या दिवशी ४-५ किलो द्या आणि आठवडाभरात हळूहळू वाढवा. सोबत खनिज मिश्रण आणि थोडा कोरडा कडबा हवाच.