शो संपल्यानंतरच्या मंगळवारी काय करायचं

टीव्हीवरच्या गाण्याच्या शोची अंतिम फेरी रविवारी झाली. माझा तिसरा नंबर आला. सोमवारी फोन एवढा वाजला की चार्जरवरून काढायची सोय नव्हती. मंगळवारी तो दोनदाच वाजला. एकदा कपडेपटातल्या दादांचा: "ताई, सोनेरी पट्टा यादीत आहे, पिशवीत नाही." आणि एकदा साउंडच्या मुलाचा. त्याला कानातला मॉनिटर, म्हणजे गाताना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून कानात घालतात तो, परत हवा होता. तो मॉनिटर माझ्या कानाचा साचा घेऊन बनवलेला. दुसऱ्या कुणाच्या कानात तो बसणं शक्यच नव्हतं. पण यादीत मालक म्हणून शोचं नाव होतं. मी गेले, सही केली, देऊन आले.

याला आता सतरा वर्षं झाली. मधल्या काळात मी कोरसमध्ये गायले, डबिंग केलं, दोन वर्षं एका मालिकेत नायिकेची बहीण होते, शीर्षकगीतं गायले. आता नव्या मुलामुलींची तालीम घेते. दरवर्षी कुठला ना कुठला शो संपतो आणि त्यातलं एखादं पोर येऊन विचारतं, "ताई, आता काय करू?" त्याला जे सांगते तेच इथे लिहिते आहे, सुचेल त्या क्रमाने.

पहिलं काम, दोन याद्या

एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा. एका बाजूला शोचं काय ते लिहा, दुसऱ्या बाजूला माझं काय ते. कपडे, दिवे, मागे बसलेले अकरा वादक, गाण्याची नवी मांडणी, रात्री नऊची वेळ, आणि बऱ्याचदा ते लाखो फॉलोअरवालं पेजसुद्धा, हे सगळं शोचं. माझ्या बाजूला तेव्हा चार ओळी भरल्या: आवाज, पाठ असलेली साठेक गाणी, वहीतले फोन नंबर, नाव. चार ओळी बघून मी रडले होते. आज वाटतं, चार होत्या हे बरंच होतं.

नावाची ओळ किरकोळ समजू नका. अमेरिकन गायिका टीना टर्नरने 1976 साली, ज्याच्यासोबत ती गायची त्या नवऱ्याला सोडलं. घटस्फोटात पैसाअडका, गाण्यांचे हक्क यांच्यावर पाणी सोडलं आणि रंगमंचावरचं नाव तेवढं मागून घेतलं. पुढची कित्येक वर्षं त्या नावावर ती हॉटेलांत आणि क्लबांत गायली. मग 1984 मध्ये, चव्वेचाळीसाव्या वर्षी, अमेरिकेत तिचं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हणून करारात बघा, तुमचं नाव किंवा बँडचं नाव कुणाच्या मालकीचं लिहिलंय. शोमध्ये जुळवलेल्या ग्रुपचं नाव बहुधा त्या मुलांचं नसतं.

कितवा नंबर आला हे मात्र दोन्ही बाजूंना लिहायची गरज नाही. जेनिफर हडसन 2004 च्या 'अमेरिकन आयडॉल' या गाण्याच्या शोमध्ये सातवी आली आणि 2007 मध्ये तिने ऑस्कर घेतला. वन डायरेक्शन या बँडची पोरं 2010 मध्ये ब्रिटनच्या 'एक्स फॅक्टर' शोमध्ये तिसरी आली होती. तिसऱ्या नंबराबद्दल मला जरा माया आहे, एवढंच.

करार वाचताना

वकिलाला दाखवा. शोच्या वकिलाला नव्हे, स्वतःच्या. पण त्याआधी स्वतः वाचा आणि तीन गोष्टींवर पेन्सिलीने खूण करा.

पहिली, उचल. रेकॉर्ड कंपनी सुरुवातीला जी रक्कम देते ती बक्षीस नसते. पुढे तुमच्या वाट्याला जे येणार त्यातून ती वळती होते. नुसती उचल नाही, रेकॉर्डिंगचा खर्च, व्हिडिओचा बराचसा खर्च, हेही तुमच्याच खात्यावर चढत जातं. आणि मेख अशी की हे सगळं फिटतं ते तुमच्या छोट्या वाट्यातून. कंपनीचा मोठा वाटा पहिल्या दिवसापासून तिच्या खिशात जातच असतो. टीएलसी या अमेरिकन ग्रुपच्या तिघींनी 1995 साली दिवाळखोरीचा अर्ज केला, तोही त्यांचा दुसरा अल्बम धडाक्यात खपत असताना. मी हे सांगते तेव्हा पोरं हसतात. मग त्यांच्याच कराराचं पान उघडते आणि खर्चाचा रकाना मोठ्याने वाचायला लावते.

दुसरी, मुदत. 'कंपनीची इच्छा असल्यास आणखी चार अल्बम' असं वाक्य दिसलं की थांबा. इच्छा त्यांची, तुमची नाही. त्यांना नको असेल तर ते मोकळे, तुम्हाला नको असेल तरी तुम्ही बांधलेले. माझ्या करारात असं एक कलम होतं. चौदा महिने त्यांनी माझं गाणं काढलं नाही आणि दुसऱ्याकडे गाऊही दिलं नाही. भांडायला गेले तर समोरचा माणूस गोड हसून म्हणाला, "सही तुमचीच आहे ना?" होती.

तिसरी, मालकी. गाण्याला दोन पदर असतात. शब्द आणि चाल हा एक, रेकॉर्डिंग हा दुसरा. रिक ॲस्टली या गायकाचं 1987 चं 'नेव्हर गॉना गिव्ह यू अप' हे गाणं, जे पुढे वीस वर्षांनी इंटरनेटवर लोकांना फसवायला वापरलं गेलं, त्याचे शब्द आणि चाल स्टॉक, एटकन आणि वॉटरमन या तिघांचे. चेहरा रिकचा, आवाज रिकचा, पण लिहिणाऱ्याचा हक्क त्या तिघांकडे. याच्या उलट अमेरिकन गायिका टेलर स्विफ्ट. तिच्या पहिल्या सहा अल्बमची रेकॉर्डिंगं कंपनीची होती आणि 2019 मध्ये ती परस्पर विकली गेली. पण गाणी तिनेच लिहिलेली होती. म्हणून 2021 पासून तिला तीच गाणी पुन्हा गाऊन बाजारात आणता आली. तुमच्याकडे तिच्याएवढे चाहते नसतील. तरी लिहिणारे बसतात त्या खोलीत बसायला शिका, आणि एखादी ओळ, सुरातली एखादी हरकत तुमची गेली तर कुणाचे किती टक्के हे त्याच दिवशी कागदावर घ्या. गाणं चाललं की सगळ्यांची स्मरणशक्ती बदलते.

पैसा

आलेल्या रकमेतून आधी कर बाजूला काढा. उरलेल्याला चोवीसने भागा. आलेला आकडा म्हणजे तुमचा महिन्याचा पगार. आवडो न आवडो. मी भागलं नाही, आणि पाचव्या महिन्यात घरमालकाला खोटं बोलले.

मुलं लहान असतील तर आईवडिलांनी जॅकी कूगनची गोष्ट वाचावी. 1921 मध्ये चॅप्लिनसोबत झळकलेला हा मुलगा मोठा झाला तेव्हा त्याची कमाई घरच्यांनीच उडवलेली होती. तो कोर्टात गेला आणि 1939 मध्ये कॅलिफोर्नियात त्याच्या नावाने कायदा झाला. आज तिथे बालकलाकाराच्या कमाईतले 15 टक्के त्याच्यासाठी बाजूला ठेवावे लागतात. कूगन स्वतः पुढे 1964 साली टीव्हीवर गाजला, 'ॲडम्स फॅमिली' या मालिकेतला टकला फेस्टर काका होऊन. त्या काकात कुणाला तो गोंडस पोरगा दिसला असेल असं वाटत नाही.

रिकामे महिने

हे येतातच. यात कुठलं काम घ्यायचं, यावर माझी एकच चाचणी आहे: या कामाने मला काही नवं येईल का, किंवा कुणी नवं भेटेल का? दोन्हीला नाही असेल तर फक्त भाड्यापुरतं घ्या आणि त्याचा फोटो टाकू नका.

कोरस घ्या. कोरसमध्ये तुमचा आवाज ऐकू आला तर तुम्ही चुकलात. एकट्याने टाळ्या घेणाऱ्याला हे शिकायला महिने लागतात. डबिंग घ्या, श्वास दुसऱ्याच्या ओठांबरोबर सोडायला शिकाल. मोठ्या गायकासाठी स्क्रॅच गाणार असाल, म्हणजे नमुन्याचं गाणं, तर पैसे गाण्याआधी ठरवा. मी एक स्क्रॅच गायले, "हे फक्त सरांना ऐकवायला" म्हणून. वर्षभराने गाणं आलं, तर दुसऱ्या कडव्यातला आलाप माझाच होता, तसाच्या तसा. नाव नाही, पैसा नाही. ऐकताना मी स्वयंपाकघरात होते, आणि पहिली प्रतिक्रिया म्हणून चक्क वाटलं, बरा लागलाय की सूर.

जाहिरातींबद्दल मात्र जपून. अमेरिकन गायिका शेर (Cher) 1970 च्या दशकात टीव्हीवर राज्य करत होती, पुढे 1988 मध्ये तिने अभिनयासाठी ऑस्करही घेतला. पण नव्वदीच्या सुरुवातीला केसांच्या प्रसाधनाच्या लांबलचक जाहिरातींत ती दिसली आणि थट्टेचा विषय झाली. 1998 साली तिचं 'बिलीव्ह' हे गाणं आलं आणि गाजलं तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. म्हणजे भरून निघतं. पण ती शेर आहे.

मालिकेतल्या नटांचं दुखणं वेगळं. तुमचा ट्रॅक एका सोमवारी अचानक संपतो, बहीण परदेशी जाते किंवा जिन्यावरून पडते. माझी परदेशी गेली, ती अजून आली नाही. लोक तुम्हाला पात्राच्या नावाने हाक मारत असतात तोवरच दुसरं दार उघडून ठेवा. काइली मिनोगने 1988 मध्ये 'नेबर्स' ही ऑस्ट्रेलियन मालिका सोडली तेव्हा तिची गाणी आधीच पहिल्या क्रमांकावर पोहोचली होती. आणि सहकलाकारांना मानधन विचारायला लाजू नका. 'फ्रेंड्स' या अमेरिकन मालिकेतले सहाही जण एकत्र वाटाघाटीला बसले, म्हणून शेवटच्या दोन सीझनला प्रत्येकाला एका भागाचे दहा लाख डॉलर मिळाले. आम्ही सेटवर एकमेकांपासून आकडे लपवायचो, त्याचा फायदा कुणाला झाला ते सांगायला नको.

गळ्याबद्दल थोडक्यात. नाव गरम आहे म्हणून येईल ती सुपारी घेऊन मी सव्वीस दिवसांत बावीस कार्यक्रम केले आणि वरचा षड्ज गेला. आवाज बसला तर कुजबुजत बोलू नका, त्याने ताण वाढतो. गप्प बसा. तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

परतीची तयारी

यश परत येतं तेव्हा बहुतेकदा तुम्ही बोलावलेलं नसतं. मंकीज हा बँड एका टीव्ही मालिकेसाठी जुळवलेला, ती मालिका 1968 मध्ये बंद पडली. 1986 मध्ये एमटीव्हीने जुने भाग दाखवले आणि मंडळी पुन्हा दौऱ्यावर. आपल्याकडे 1987 चं 'रामायण' 2020 च्या टाळेबंदीत परत लागलं आणि त्यातले नट नातवंडांच्या पिढीला ठाऊक झाले. इंग्लिश गायिका केट बुशचं 1985 चं गाणं एका मालिकेत वाजलं आणि 2022 मध्ये ब्रिटनमध्ये पहिलं आलं. सदतीस वर्षं.

यात तुमच्या हातात काय? कागद. प्रत्येक रेकॉर्डिंगची तारीख, स्टुडिओ, कोण कोण होतं, करार, मूळ फाइल दोन ठिकाणी. आणि नावाचं एकच स्पेलिंग. माझं नाव नोंदींमध्ये तीन तऱ्हांनी होतं, कुठे एक 'ए' जास्त, कुठे आडनाव गायब. एका जुन्या शीर्षकगीताचे पैसे त्यामुळे अडकून पडले आणि ती मी एकच बाई आहे हे सिद्ध करण्यात आठ महिने गेले.

शेवटचं, त्या मंगळवारी करायचे फोन. परीक्षकांना करू नका, त्यांना त्या दिवशी सगळेच करतात. ज्यांनी तुमच्या पाठीला माइकची वायर चिकटवली, पाणी आणून दिलं, रात्री दोन वाजता मॉनिटरचा आवाज कमीजास्त केला, त्यांना करा. काम मागू नका, नुसतं बरं वाटलं म्हणून सांगा. मी हे ठरवून केलं नव्हतं. कानातला मॉनिटर परत द्यायला गेले तेव्हा साउंडचा तो मुलगा डबीत भरताना म्हणाला, "हा आता कुणाला घालणार?" आणि आम्ही दोघं खूप हसलो. त्यानंतर चौदा महिन्यांनी, करार सुटला त्याच आठवड्यात, त्याचा फोन आला. कोरसला तिसरी मुलगी आली नव्हती. "डाव्या कानात जरा जास्त लागतं ना तुला? लक्षात आहे. चारला पोहोचशील?"

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. "येते," म्हटलं.

"हेडफोन स्वतःचे आण," तो म्हणाला.