जोजोमधली गाणी ओळखायची कशी आणि पडताळायची कशी

हिरोहिको अराकी यांची 'जोजोज बिझार ॲडव्हेंचर' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा मालिका, १९८७ मध्ये 'वीकली शोनेन जंप'मध्ये सुरू झाली. २००५ मध्ये ती 'अल्ट्रा जंप' या मासिकात गेली आणि २०२३ पासून तिचा नववा भाग चालू आहे. या प्रवासात रॉक, सोल, जॅझ आणि पॉपमधली शंभराहून जास्त नावं तिच्यात आली. त्यांच्या याद्या कुठेही मिळतात. मात्र 'हे नाव त्या बँडवरून' याच्या पुढे त्या सहसा जात नाहीत. दावा खरा कशावरून, आणि मूळ रेकॉर्ड माहीत असली की तेच पान वेगळं का वाचलं जातं, हे आपलं आपणच शोधावं लागतं. त्यासाठी चार चाचण्या पुरतात: भाग, उच्चार, तारीख आणि मेळ, म्हणजे पात्राची शक्ती आणि संगीत यांचा संबंध. क्रम मात्र हाच ठेवा. सगळे जण मेळापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

आधी भाग कोणता ते पाहा

अराकींचा नावं ठेवायचा नियम भागागणिक बदलतो. पहिल्या दोन भागांत स्टँड, म्हणजे पात्राच्या आत्मशक्तीला आलेला आकार, हा प्रकारच नाही. तिथे गाणं शोधायचं ते माणसांच्या नावांत. डिओ ब्रँडो म्हणजे गायक रॉनी जेम्स डिओ आणि नट मार्लन ब्रँडो. स्पीडवॅगन म्हणजे आर. ई. ओ. स्पीडवॅगन हा अमेरिकन बँड. त्या पात्राचं पूर्ण नाव रॉबर्ट ई. ओ. स्पीडवॅगन आहे, त्यामुळे तिथे शंकेला जागाच नाही. डायर आणि स्ट्रेझो ही नावं एकेकटी वाचली तर काहीच हाती लागत नाही. शेजारी शेजारी ठेवा, लगेच डायर स्ट्रेट्स दिसतो. एका प्रसंगात एकत्र येणारी नावं एकत्रच वाचायची सवय लावून घ्या.

तिसऱ्या भागात स्टँड आले, पण त्यांची नावं भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांवरून आहेत. स्टार प्लॅटिनम, हर्मिट पर्पल, सिल्व्हर चॅरियट अशी पत्ता आणि रंग किंवा धातू यांची जोडी तिथे वारंवार दिसते. बावीस पत्ते संपल्यावर नऊ इजिप्शियन देवता येतात. त्यामुळे 'स्टार प्लॅटिनम कुठल्या बँडवरून?' हा प्रश्नच चुकीचा आहे. या भागातलं संगीत माणसांकडे आहे: पोलनारेफ, एन्या, डेव्हो, व्हॅनिला आइस. अगदी शेवटी व्हॅनिला आइसच्या स्टँडला 'क्रीम' हे बँडचं नाव मिळतं आणि पुढचा रस्ता उघडतो.

चौथ्या भागापासून स्टँडची नावं संगीतातून येऊ लागतात आणि माणसांची नावं दुसरीकडे वळतात. पाचव्या भागाची कथा इटलीत घडते. तिथे नारान्चा, पेशी, प्रोशुत्तो, फोर्माज्जो, रिझोत्तो ही सगळी खाण्याच्या पदार्थांची नावं. सहाव्या भागात पुच्ची, अनासुई, रिकिएल ही फॅशनच्या दुनियेतली. म्हणजे एकाच पात्राचा शोध दोन ठिकाणी घ्यावा लागतो. रिझोत्तो स्वयंपाकघरातला, त्याचा स्टँड मेटालिका रेकॉर्डच्या दुकानातला.

मग नाव कानाने वाचा

मूळ जपानी पानावर ही नावं काताकाना लिपीत असतात. त्या लिपीत 'ल' आणि 'र' वेगळे नाहीत, 'व' आणि 'ब' एकमेकांच्या जागी येतात आणि बहुतेक व्यंजनांपाठोपाठ स्वर यावाच लागतो. इंग्रजी स्पेलिंगवरून शोध घेणाऱ्याचा रस्ता इथेच चुकतो. देवनागरीत मात्र ह्रस्व-दीर्घ स्पष्ट दिसतं, म्हणून आपल्याला हे काम सोपं जातं. काताकानातला उच्चार देवनागरीत उतरवा, लांबवलेल्या स्वरापुढे अवग्रह (ऽ) लावा आणि खाली संशयित बँडचं नावही त्याच रीतीने लिहा.

दुसऱ्या भागातले स्तंभपुरुष, म्हणजे तिथले खलनायक, घेऊन बघा. एक 'काऽझु'. द कार्स हा बँड जपानीत 'झा काऽझु' असा लिहितात. 'झा' काढला की दोन्ही तंतोतंत एक. दुसरा 'वामुउ'. व्हॅम जपानीत 'वामु' होतो, त्याला मागे फक्त एक 'उ' जोडला आहे. तिसरा 'एशिदिशि'. एसी/डीसी म्हणजे 'एऽशीऽदीऽशीऽ', त्यातले सगळे दीर्घ स्वर आखूड केले आहेत. आठव्या भागातलं 'नात्तो किंगु कोऽरु' तर नॅट किंग कोल या गायकाच्या जपानी नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं. इंग्रजीत ते 'नट किंग कॉल' असं लिहिलं जातं आणि त्या स्टँडची शक्ती नट-बोल्टची आहे. एका उच्चारात गायकही बसला आणि शक्तीही.

इथे एक खबरदारी घ्या. नाव जितकं सर्वसामान्य, तितका उच्चाराचा पुरावा कच्चा. तिसऱ्या भागातल्या अवदोलचं नाव गायिका पॉला अब्दुलवरून असल्याचं नेहमी सांगतात आणि उच्चार जुळतोही. पण मोहम्मद अब्दुल हे इजिप्तमधल्या माणसाचं अगदी साधं नाव आहे. अशा नोंदीपुढे 'संभाव्य' लिहून पुढे सरका.

सबटायटलवर विसंबू नका

ॲनिमे, म्हणजे मांगावरून केलेली ॲनिमेशन मालिका, बघून संदर्भ शोधणाऱ्यांची सर्वांत जास्त गफलत इथेच होते. हक्कांच्या कटकटी टाळण्यासाठी इंग्रजी सबटायटलमध्ये स्टँडची बरीच नावं बदलली आहेत. क्रेझी डायमंडचं 'शायनिंग डायमंड' झालं, किलर क्वीनचं 'डेडली क्वीन', एकोजचं 'रिव्हर्ब', स्टिकी फिंगर्सचं 'झिपर मॅन', किंग क्रिम्झनचं 'एम्परर क्रिम्झन' आणि लिंप बिझकिटचं चक्क 'फ्लॅसिड पॅनकेक'. या नावांनी गाणं शोधाल तर काहीही मिळणार नाही. जपानी आवाज चालू ठेवा आणि खालची ओळ सोडून पात्र काय ओरडतं ते ऐका. आवाज देणारे कलाकार मूळ नावच घेतात: 'कुरेऽजीऽ दाइयामोन्दो', 'किंगु कुरिमुझोन'.

तारीख जुळवा

गाणं किंवा अल्बम त्या प्रकरणाच्या आधी बाहेर आलेला असला पाहिजे, हे उघड आहे. प्रश्न असतो तो 'प्रकरणाची तारीख' कोणती धरायची याचा. नियतकालिकात छापून आल्याची तारीखच धरा. आपल्या हातात असलेल्या इंग्रजी पुस्तकावरचं वर्ष फसवतं, कारण १९९२ मध्ये सुरू झालेला चौथा भाग विझ मीडिया या प्रकाशनाने इंग्रजीत २०१९ पासून काढला. कथेतलं वर्षही उपयोगाचं नाही. चौथा भाग १९९९ मध्ये घडतो, पण तो काढून झाला १९९५ मध्ये.

ही चाचणी लावली की काही सुंदर गोष्टी हाती येतात. प्रिन्सचा 'द गोल्ड एक्सपीरियन्स' सप्टेंबर १९९५ मध्ये आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालेल्या पाचव्या भागाच्या नायकाला गोल्ड एक्सपीरियन्स हा स्टँड मिळाला. म्हणजे त्या वेळी रेकॉर्ड अगदी ताजी होती. आठव्या भागात 'बॉर्न दिस वे' येतं, ते लेडी गागाचं २०११ चं गाणं, आणि भागही २०११ चाच. दुसऱ्या टोकाला त्याच भागाच्या नायकाचा स्टँड 'सॉफ्ट अँड वेट' आहे आणि प्रिन्सचं हे पहिलं सिंगल १९७८ चं.

ॲनिमेच्या एपिसोडअखेर वाजणारी गाणी या चाचणीतून वेगळी काढा. 'राउंडअबाउट', 'वॉक लाइक ॲन इजिप्शियन', 'लास्ट ट्रेन होम' ही गाणी ॲनिमेसाठी निवडलेली आहेत, मांगाच्या पानांवर ती नाहीत. चौथ्या भागाच्या ॲनिमेला सॅव्हेज गार्डनचं 'आय वाँट यू' आहे, ते १९९६ चं. तोवर मांगातला तो भाग संपला होता. 'स्टोन ओशन' या सहाव्या भागाला डफीचं २००८ चं 'डिस्टंट ड्रीमर' आहे आणि मूळ भाग संपला २००३ मध्ये. गाणी अचूक निवडली आहेत यात वाद नाही. येसच्या १९७१ च्या 'राउंडअबाउट'मध्ये गिटारच्या आधी उलटा वाजवलेला पियानोचा स्वर फुगत येतो, आणि ॲनिमेवाल्यांनी तो प्रसंग संपायच्या आत, दृश्य चालू असतानाच सोडला. श्वास रोखायला लावणारी ही करामत आहे. पण तिची नोंद वेगळ्या वहीत करायची.

मेळ: नावाशी की रेकॉर्डशी?

आता शक्ती आणि संगीत यांचा संबंध. तो दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींची सरमिसळ करू नका.

काही ठिकाणी शक्ती फक्त नावाच्या शब्दार्थाशी जुळते. मेटालिका रक्तातल्या लोहावर ताबा मिळवतो, एरोस्मिथ हे विमान आहे, वेदर रिपोर्ट हवामान बदलतो. त्या बँडचं एकही गाणं न ऐकता हे समजतं.

खरी मजा दुसऱ्या प्रकारात आहे. तिथे रेकॉर्ड हातात घ्यावी लागते. पाचव्या भागातल्या बुच्चारातीचा स्टँड स्टिकी फिंगर्स कुठल्याही वस्तूवर किंवा अंगावर झिप बसवतो. नावात झिप कुठेच नाही. ती रोलिंग स्टोन्सच्या १९७१ च्या अल्बमच्या वेष्टनावर आहे: अँडी वॉरहॉलची कल्पना, जीन्सचा फोटो आणि त्यावर खरीखुरी, उघडणारी धातूची झिप. गठ्ठ्यात रचल्यावर ती झिप शेजारच्या तबकडीला खड्डे पाडायची. म्हणून पुढे ती अर्ध्यावर उघडून पाठवू लागले, म्हणजे दाब मधल्या कागदी लेबलवर पडावा. डिजिटल यादीतल्या अंगठ्याएवढ्या चित्रात हे काहीच दिसत नाही. मूळ वेष्टनाचा मोठा फोटो शोधून बघा, मग बुच्चारातीची पहिली लढत पुन्हा वाचा.

किंग क्रिम्झनचंही तसंच. १९६९ च्या या बँडच्या पहिल्या अल्बममध्ये पाचच गाणी आहेत आणि तिसरं 'एपिटाफ'. मांगात एपिटाफ ही पाचव्या भागातला खलनायक दिआव्होलो याची काही सेकंद पुढचं बघण्याची शक्ती आहे. त्या गाण्याच्या उपशीर्षकात 'टुमॉरो अँड टुमॉरो' असे शब्द आहेत. गाण्यांच्या यादीतलं पूर्ण शीर्षक वाचायला विसरू नका, अशा खुणा तिथेच असतात.

सगळ्यांत नीट विणलेलं उदाहरण चौथ्या भागातल्या किरा योशिकागेचं. त्याच्या स्टँडचे तीन बॉम्ब आहेत आणि तिन्ही क्वीनचे. 'किलर क्वीन' १९७४ चं. त्याच्या शब्दांत दारूगोळा, जिलेटिन, डायनामाइट असे स्फोटक पदार्थ आहेत, तेव्हा हात लावेल त्या वस्तूचा बॉम्ब करणारा स्टँड कुठून आला ते वेगळं सांगायला नको. दुसरा बॉम्ब 'शिअर हार्ट अटॅक'. इथे यादीवाले हमखास घोळ घालतात. 'शिअर हार्ट अटॅक' हा १९७४ चा अल्बम आहे आणि 'किलर क्वीन' त्यातलं दुसरं गाणं. पण याच नावाचं गाणं त्या अल्बमवर नाहीच, ते १९७७ मध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'वर आलं. नोंद करताना दोन्ही लिहा. तिसरा बॉम्ब 'बाइट्स द डस्ट', १९८० च्या 'द गेम'मधल्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'वरून. ऐकण्याचा क्रमही हाच ठेवा. (ही गाणी गाणारा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच द हेक्टिक्स हा त्याचा पहिला बँड जमला. मराठी वाचकाला किराच्या प्रकरणांत थोडा जास्त रस वाटला तर त्याला कारण आहे.)

त्याच भागात पिंक फ्लॉइड तीनदा येतो: क्रेझी डायमंड, एकोज आणि 'ॲटम हार्ट मदर'मधला एक शब्द बदलून किराच्या बापासाठी केलेला 'ॲटम हार्ट फादर'. एकोज हा आवाजाशी खेळणारा स्टँड आहे. मूळ गाणं २३ मिनिटांहून लांब, त्यामुळे ऐकायला बसाल ते सवडीने.

मेळ बसत नसेल तर बसवू नका. ओएसिस जमीन मऊ करतो, क्लॅश हा पाण्यातून पाण्यात उड्या घेणारा शार्क आहे. त्या बँडच्या गाण्यांतून कारण ओढून काढणारे लांबलचक खुलासे सापडतात, पण बऱ्याच वेळा अराकींनी आवडता बँड म्हणून नाव घेतलं, एवढंच असतं.

नोंद कशी ठेवायची

एका नावाला एक ओळ द्या: भाग, प्रकरणाचं शीर्षक, देवनागरीतला जपानी उच्चार, कलाकार, रेकॉर्ड आणि वर्ष, मेळाचा प्रकार, आणि शेवटी 'पक्कं' किंवा 'संभाव्य'. खंडाचा क्रमांक एकटा लिहू नका. पहिले पाच भाग मूळ जपानी आवृत्तीत १ ते ६३ अशा सलग क्रमांकांत आहेत. विझच्या आवृत्तीत प्रत्येक भाग पुन्हा एकपासून सुरू होतो आणि पहिला भाग तीन, दुसरा चार, तिसरा दहा खंडांत बसवलेला आहे. 'खंड १२' म्हणजे नेमकं काय, हे वर्षभराने तुम्हालाही उमगणार नाही.

माणूस आणि स्टँड यांना वेगवेगळ्या ओळी द्या. सातव्या भागातल्या अध्यक्षाचं नाव फनी व्हॅलेंटाइन, ते १९३७ च्या 'माय फनी व्हॅलेंटाइन' या गाण्यावरून. त्याचा स्टँड 'डर्टी डीड्स डन डर्ट चीप', तो एसी/डीसीच्या १९७६ च्या अल्बमवरून. एकाच ओळीत कोंबलं की दोन्हींची वर्षं एकमेकांत मिसळतात.

सराव करायचा असेल तर नववा भाग 'द जोजोलँड्स' घ्या. नोव्हेंबर रेन, स्मूथ ऑपरेटर्स, द हसल ही नावं सोपी आहेत, त्यांनी सुरुवात करा. मग चार्मिंग मॅन हे पात्र आणि त्याचा स्टँड 'बिगमाउथ स्ट्राइक्स अगेन' घ्या. दोन्ही द स्मिथ्सची गाणी, एक १९८३ चं आणि दुसरं १९८६ चं. शेवटी उसागी या पात्राचा स्टँड 'द मात्ते कुदासाई' घ्या. शीर्षक जपानी असलं तरी गाणं इंग्लंडच्या बँडचं आहे, १९८१ चं. त्या बँडचं नाव तुमच्या वहीत पाचव्या भागाच्या ओळींत आधीच लिहिलेलं सापडेल.